गाईला पोषक, मेंढीला घातक

शिरपूर जैनच्या काळ्या रानात सोयाबीन निघालं, की कुटार गोठ्यात येतं आणि मोकळ्या शेतात मेंढरं बसू लागतात. गाय, म्हैस, मेंढी साऱ्याच रवंथ करणाऱ्या. पण चाऱ्यातल्या तांब्याचा हिशेब प्रत्येकीचं यकृत वेगळा ठेवतं, आणि हे ठाऊक नसलं तर मायेने घातलेलं खाद्यच जनावराच्या जिवावर उठतं.

तांबं लागतं सगळ्यांनाच. गाईच्या किलोभर सुक्या चाऱ्यात साधारण १० मिलिग्रॅम असलं की भागतं. कमी पडलं तर काळीभोर म्हैस तपकिरी दिसू लागते, गाईच्या डोळ्यांभोवतीचे केस फिके पडून चष्मा घातल्यासारखं दिसतं. कधी चाऱ्यात तांबं पुरेसं असूनही असं होतं. पहिल्या पोटातले सूक्ष्मजीव गंधकापासून सल्फाइड बनवतात. चाऱ्यात मॉलिब्डेनम जास्त असेल, तर दोहोंचं थायोमॉलिब्डेट तयार होऊन ते तांब्याला अडकवून ठेवतं. आपल्यासारख्या चुनखडीच्या, अल्कधर्मी जमिनीतून पिकं मॉलिब्डेनम सहज उचलतात, म्हणून ही गोष्ट इथे दुर्लक्षून चालणार नाही.

मेंढीची अडचण नेमकी उलटी. जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकणं तिच्या यकृताला फारसं जमत नाही. डुक्कर किलोमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत पचवतं, गाय ४० पर्यंत. मेंढीला १५ च्या पुढे धोका सुरू होतो. शेळी तिच्यापेक्षा बरीच काटक. गाईसाठीचं खनिज मिश्रण मेंढीला घातलं, किंवा मोरचुदाची फवारणी झालेल्या संत्र्याच्या बागेत कळप चरला, तर तांबं यकृतात साठत जातं. महिनोन्महिने मेंढी धडधाकट दिसते, खाते-पिते. मग लांबची चाल, उपासमार किंवा गाडीतला प्रवास घडतो आणि साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरतं. तांबड्या पेशी फुटतात. डोळ्याची पापणी उलटून पाहिली तर आतली त्वचा पिवळी, लघवी काळपट लाल. त्यानंतर बहुतेक मेंढ्या दोन-चार दिवसांत दगावतात.

वेळेत लक्षात आलं, तर पशुवैद्यक कळपातल्या बाकीच्या मेंढ्यांना अमोनियम मॉलिब्डेट आणि सोडियम सल्फेट देतात. गाईचं तांबं पळवणारी तीच जोडी इथे मेंढीचं तांबं बाहेर काढते.