विष पचवणारी अळी

पऱ्हाटीचे पान उन्हाकडे धरून बघा. मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसतील. तो रोग नव्हे. त्या ठिपक्यांत गॉसिपॉल नावाचे विष असते. टरपीन वर्गातले हे द्रव्य कपाशी आपल्या राखणीसाठी स्वतःच तयार करते. सरकीतही ते असते, म्हणून कोंबड्यांना आणि लहान वासरांना सरकी जपूनच द्यावी लागते.

मग अमेरिकन बोंडअळी बोंड पोखरून धष्टपुष्ट कशी होते? तिच्या आतड्यात विष निकामी करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, असतात. २००७ साली शांघायच्या शास्त्रज्ञांनी अळीतले पी-४५० घराण्यातले एक विकर दाबून टाकले, तर गॉसिपॉल खाताना तिची वाढ खुंटली. पुढे २०१६ साली दिसले की, हे विकर स्वतः गॉसिपॉल मोडत नाही. दुसरी विकरे त्याला साखर जोडून त्याचा जोर काढतात.

आता आपल्या कामाचे. हे पी-४५० घराणे पायरेथ्रॉइड औषधेही मोडते. १९८७-८८ साली आंध्रच्या कापूस पट्ट्यात फवारण्यांवर फवारण्या झाल्या, तरी ही अळी हटली नाही. शिवारात गेलं की ऐकू येतं, "साहेब, औषधच बोगस निघालं." कधी निघतंही, नाही म्हणत नाही. पण कधी औषध खरे असते आणि अळीच मुरलेली असते. पहिल्या फवाऱ्यात कमजोर अळ्या मेल्या, विकर जास्त असलेल्या उरल्या, आता शेतात त्यांचीच पिलावळ. तेच औषध दुप्पट मारून फक्त खिसा रिकामा होतो.

२००२ साली बीटी कपाशी आली तेव्हापासून कपाशीवर हिचा जोर ओसरला. पण हरभऱ्यावरची घाटेअळी आणि तुरीची शेंग पोखरणारी हिरवी अळी हीच. तिथे बीटीचे कवच नाही. कळी दिसताच हेक्टरी ५ कामगंध सापळे लावा, पक्षी बसायला काठ्या रोवा. अळी लहान असतानाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. गंमत म्हणजे निंबोळीतले अझाडिरॅक्टिनही टरपीन वर्गातलेच! एचएएनपीव्ही हे विषाणूचे औषध संध्याकाळीच मारा, उन्हात ते वाया जाते.

रासायनिक औषध घ्यावेच लागले तर दुकानात डब्यावरचे नाव बघून फसू नका. आतला घटक कोणता आणि तो कोणत्या गटातला, हे विचारा. मागच्या वेळचाच गट असेल तर डबा परत ठेवा.