मागच्या मोटारीची राखण

अमेरिकेंत व कॅनडांत नोकरींतून निवृत्त झाल्यावर चाकांवरच्या घरांतून देश पाहत हिंडणारीं पुष्कळ जोडपीं आढळतात. या वाहनास तिकडे मोटरहोम म्हणतात. निजण्याची खोली, चूल, न्हाणीघर, सर्व कांहीं त्यांत असतें. परंतु चाळीस फूट लांबीचें हें धूड एकदां तळावर उभें केलें, कीं भाजी आणण्यासाठीं तें पुन्हां हलवणें कोणास परवडणार? म्हणून त्याच्या मागें लोखंडी दांड्यानें एक लहान मोटार बांधून नेतात. तिचीं चारही चाकें रस्त्यावरून फिरत असतात. आपल्याकडे ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार. ‘ओढलेली’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा उच्चार बेडकाच्या नांवाशीं जुळतो, म्हणून तिकडील थट्टेखोर प्रवासी या मोटारीला ‘टोड’ म्हणतात.

ही यात्रा नळ्याला मात्र महाग पडते. चार-सहा हजार मैलांचा प्रवास संपवून पाहावें, तों मोटारीच्या नाकावर देवीचे व्रण उठावेत तशी रंगाची चाळण झालेली असते. पुढची कांच तडकते, दिवे फुटतात, क्वचित् रेडिएटरलाही भोंक पडतें. हल्लींच्या अनेक मोटारींत कांचेच्या आंतल्या बाजूस रस्ता पाहणारा कॅमेरा बसवलेला असतो; कांच बदलली कीं तोही पुन्हां जुळवून घ्यावा लागतो, आणि खर्च वाढतो.

हें होतें कसें, तें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण उपायांतील निम्म्या चुका येथेंच होतात. चाकाचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो, तो त्या क्षणीं रस्त्याच्या मानानें स्थिरच असतो. टायरच्या खांचेंत अडकलेला खडा तेथून थोडा वर जाऊन सुटला, तर रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला तो जवळजवळ सरळ वर उडालेला दिसेल. परंतु मागची मोटार ताशीं ६० मैलांनीं, म्हणजे सेकंदाला ८८ फूट, त्याच्यावर धांवून येत असते. खडा मोटारीवर आदळतो म्हणण्यापेक्षां मोटारच खड्यावर आदळते. चाकापासून मोटारीच्या नाकापर्यंत १६ फूट अंतर धरलें, तर तें कापण्यास सेकंदाचा पांचवा हिस्साही लागत नाहीं, आणि तेवढ्यांत पृथ्वीच्या ओढीनें खडा सुमारें ६ इंचच खालीं येतो. म्हणून दांडा हातभर लांब करून फारसें साधत नाहीं.

पहिला उपाय सुचतो तो मोटरहोमच्या शेपटीला आडवा, पूर्ण रुंदीचा रबरी पडदा लावण्याचा. उपाय चांगला, पण वेगांत वारा हा पडदा मागें उचलून धरतो आणि खड्यांना खालून वाट मिळते. तो फार खालीं सोडावा, तर रस्ता आणि पडदा यांमध्यें सांपडलेला खडा उलट जोरानें बाहेर फेकला जातो. शिवाय ज्या मोटरहोमचें डिझेल इंजिन मागें असतें, त्यांत असा पडदा गरम हवेची वाट अडवूं शकतो. चढावर इंजिन तापूं लागलें, तर संशय प्रथम पडद्यावर घ्यावा. याच इंजिनाच्या श्वासनळींतून तेलाचा बारीक फवाराही उडतो. त्यावर धूळ बसून मोटारीच्या तोंडावर जी काळी साय धरते, ती कोरड्या फडक्यानें पुसूं नये; धुवूनच काढावी.

दुसरी तऱ्हा म्हणजे मोटारीच्या पुढें, दांड्यावरच एक ताठ ढाल उभी करणें, किंवा मोटरहोमची शेपटी व दांडा यांच्या मधल्या मोकळ्या जागेंत जाळीदार कापडाचा ताणलेला पडदा बांधणें. खडा गाडीपर्यंत पोंचण्यापूर्वींच अडतो, म्हणून हीच तऱ्हा उत्तम. याउलट मोटारीला तोंडभर कापडी बुरखा घालण्याची हौस अनेकांना असते. त्या बुरख्याखालीं धूळ शिरते, वाऱ्यानें कापड फडफडतें, आणि शंभर मैलांत तें पॉलिशकागदाचें काम करतें. खडे चुकले तरी रंग जातोच. बुरखा घालायचाच, तर खालचा पत्रा स्वच्छ धुऊन आणि कापड घट्ट ताणून. पत्र्याला चिकटणारा पारदर्शक प्लास्टिकचा थर त्याहून बरा. व्हिएतनाम युद्धाच्या काळांत हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूपासून वांचवण्यासाठीं निघालेली ही युक्ति पुढें मोटारींवर आली. मात्र तो थर रंग राखतो. मोठ्या खड्यानें पत्र्याला पोंचा यायचा तो येतोच.

खरी कसोटी उत्तरेकडे लागते. १९४२ सालीं अमेरिकन लष्करानें बांधलेल्या अलास्का महामार्गावर आतां डांबर आहे. पण हिंवाळ्यांत जमीन गोठून फुगते, रस्ता उखडतो, आणि उन्हाळ्यांत दुरुस्तीसाठीं मैलच्या मैल खडी पसरलेली असते. तेथें वेग कमी करण्यासारखा स्वस्त उपाय नाहीं. आघाताची शक्ति वेगाच्या वर्गानें वाढते, म्हणून ताशीं ६५ मैलांऐवजीं ५५ मैलांनीं गेलें, तरी ती २८ टक्क्यांनीं घटते. उघड्या खडीवर तर २० किंवा २५ मैलांच्या वर जाऊंच नये. अनुभवी जोडपीं असा टप्पा आला कीं दांडा सोडवतात. एक जण घर हांकतो, दुसरा लहान मोटार घेऊन धूळ बसेपर्यंत थांबतो आणि मग मागून सावकाश निघतो.