केलेल्या कामाची वही

उधारीची वही घरोघर असते. दुधाचा हिशेबही कोणी चुकवीत नाही. पण आपल्या पोराने कोठे, काय आणि किती दिवस काम केले, याची नोंद क्वचितच कोणाच्या घरी सापडते.

आपले कुर्डुवाडी रेल्वेचे गाव. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी येथून बार्शीला धावू लागली. रेल्वेतल्या माणसाचे सेवापुस्तक कचेरीत असते. नेमणूक, बदली, बढती सारे त्यात चढते आणि पेन्शनच्या वेळी तेच उपयोगी पडते. डाळिंबाची छाटणी करणाऱ्या किंवा ठिबकच्या नळ्या जोडणाऱ्या मुलाचे पुस्तक लिहायला मात्र कोणी कारकून नाही. ते त्यानेच लिहिले पाहिजे.

नोंद नसली तर?

सुगी संपली की गवंड्याच्या हाताखाली जाणारे आपल्याकडे पुष्कळ. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कल्याण मंडळाच्या लाभांसाठी अट घातली, ती मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस काम केल्याची. चार ठेकेदारांकडे मिळून दिवस भरतात. पण दाखला मागायला जावे तर ठेकेदार दुसऱ्या गावी गेलेला आणि तारखा कोणालाच आठवत नाहीत. घाम गाळूनही लाभ हुकतो.

२०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवी कारागिराची पारख करून प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. तेथे किंवा नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न एकच, ‘आजवर काय केलेस?’

वही कशी ठेवावी?

शंभर पानी वही घ्या व पाच रकाने आखा: तारीख, गाव व मालक, काम, किती केले, मालकाची सही व फोन. ‘छाटणी केली’ एवढ्याने भागत नाही. ‘भगवा डाळिंब, दोन एकर, सहा दिवस, चौघांची टोळी मी सांभाळली’ असे लिहा. सही काम संपेल त्याच दिवशी घ्या. दाखले प्लास्टिकच्या पिशवीत जपा. फुगवून काही लिहू नका; एक खोटी नोंद दहा खऱ्या नोंदींवरचा विश्वास घालवते.

लेकी-सुनांचीही वही हवी. रोपवाटिकेत कलमे बांधणारी, बचत गटाचा हिशेब लिहिणारी बाई अर्जात नुसते ‘घरकाम’ लिहिते, हे बरे नव्हे.

पिकाची पाहणी पीक उभे असतानाच होते. काढणी झाल्यावर शेतात पाहायचे काय? कामाच्या नोंदीचेही तसेच आहे.