पाठराखणीला आलेलं नृत्य

नवी मुंबईत वाशी-नेरूळपासून खारघरपर्यंत संध्याकाळी फिरलं, तर कुठल्या ना कुठल्या इमारतीतून लाकडी ठोकळ्यावर काठी आपटल्याचा आवाज येतो आणि त्यामागोमाग ‘तैया तै’चे बोल. भरतनाट्यमचा वर्ग चालू असतो. अर्ध्या बैठकीत पाय आपटणाऱ्या त्या मुलींमध्ये मराठी असतात, गुजराती असतात, तमिळ आणि मल्याळीही असतात. कावेरीकाठचं हे नृत्य एवढं उत्तरेला कसं पोचलं, याचा शोध घेत गेलं की त्यातली एक जुनी वाट थेट एका राजवाड्यातल्या लग्नात जाऊन मिळते. त्या लग्नाची दोन्ही घराणी मराठी होती.

साल १८८०, महिना जानेवारी, गाव बडोदं. नवरदेव होते सयाजीराव गायकवाड. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव नावाचा मुलगा १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि वयाच्या बाराव्या वर्षी तो बडोद्याच्या गादीवर बसला. लग्नाच्या वेळी त्याला सतरावं चालू होतं. राज्याचा कारभार तेव्हा दिवाण सर टी. माधवराव पाहत होते, आणि त्यांचा जन्म होता तंजावरजवळच्या कुंभकोणमचा. नवरीही तिकडचीच. तंजावरच्या राजघराण्याच्या नात्यातल्या लक्ष्मीबाई मोहिते लग्न होऊन बडोद्याला आल्या आणि चिमणाबाई झाल्या.

बडोद्यापासून तंजावर सुमारे दीड हजार किलोमीटरवर आहे. तरीही नवरीच्या माहेरी मराठी बोलली जात होती. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या गादीवर बसले, आणि १८५५ साली शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक वारले तोवर भोसल्यांची गादी तिथे टिकली. राजराज चोळाने बांधलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर आजही भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरलेला दिसतो. १८०३ सालचा हा शिलालेख जगातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांमध्ये गणला जातो. तमिळ मुलखाच्या मध्यावर, हजार वर्षांच्या शिवमंदिरात, दगडावर मराठी! पहिल्यांदा हे कळतं तेव्हा मराठी माणसाला क्षणभर आपल्या भाषेचा नकाशा नव्याने काढावासा वाटतो.

तंजावरच्या या मराठी दरबारात नृत्याला मोठा मान होता. दुसऱ्या सरफोजी राजांनी नृत्यासाठी मराठीत निरूपणं रचली. त्यांच्याच काळात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी सादरीकरणाचा क्रम घडवला: अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना. नवी मुंबईतली मुलगी आज अरंगेत्रमला, म्हणजे पहिल्या संपूर्ण जाहीर सादरीकरणाला, रंगमंचावर उभी राहते, तेव्हा ती मुख्यतः हाच क्रम पाळते. त्या वेळी या नृत्याला ‘सदिर’ म्हणत. ‘भरतनाट्यम’ हे नाव रूढ झालं ते विसाव्या शतकात.

लक्ष्मीबाईंचं लग्न झालं तेव्हा दागदागिन्यांबरोबर आंदण म्हणून नर्तकींचा एक ताफाही बडोद्याला आला. गौरा आणि कांतीमती या त्यातल्या दोन नर्तकी. या नृत्यात नर्तकी एकटी येऊन भागत नाही. झांजा वाजवत बोल म्हणणारा नट्टुवनार लागतो, मृदंगम लागतो, गाणारा लागतो, सूर धरणारा लागतो. त्यामुळे पाठराखणीला आली ती एक संपूर्ण कलापरंपरा: तिचे गुरू, तिची वाद्यं, तिची गाणी आणि त्या सगळ्यांचे संसार.

अशी अख्खी परंपरा सामावून घेणं राजवाड्याला कसं जमलं? उत्तर राजवाड्याच्या रचनेत आहे. मराठी राज्यव्यवस्थेत ‘अठरा कारखाने’ होते. कारखाना म्हणजे दरबाराचा विभाग. तंबू, कनाती, गालिचे फरासखान्याकडे. स्वयंपाक मुदपाकखान्याकडे. कपडे, दागिने आणि मौल्यवान चीजवस्तू जामदारखान्यात. हत्ती पीलखान्यात, घोडे पागेत, सनई-चौघडा नगारखान्यात. लग्न ठरलं की हे सगळे विभाग एका दिशेने कामाला लागत. पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांचं लग्न १७८३ साली झालं, तेव्हा नाना फडणवीसांनी त्याच्या व्यवस्थेची तपशीलवार यादी करवली होती. आजच्या मोठ्या लग्नात मांडववाला, केटरर, फुलवाला, बँडवाला असे वेगवेगळे लोक बाहेरून बोलवावे लागतात. राजवाड्यात हे सगळे घरचेच असत आणि लग्न उरकल्यावरही तिथेच राहत.

बडोद्यात कलावंतांसाठीही असा विभाग होता, कलावंत कारखाना. गवई, बीनकार, तबलजी, नर्तकी यांचे पगार आणि कामाचे नियम तो पाहत असे. तंजावरचा ताफा या व्यवस्थेत सामील झाला आणि लग्नाचा मांडव उतरल्यावरही बडोद्यातच राहिला. नव्या रसिकांपुढे नव्या गोष्टीही आल्या. पतंग उडवणाऱ्या मुलीचं नृत्य या नर्तकी करत. मांजा सोडायचा, खेचायचा, काटाकाटी करायची, आणि हातात प्रत्यक्ष पतंग नाहीच. गुजरातच्या संक्रांतीचं आकाश तंजावरच्या मुद्रांमध्ये उतरलं होतं.

असं फक्त बडोद्यातच घडलं असतं, तर तो योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण जगाचा इतिहास चाळला की थक्क व्हायला होतं. १५८१ साली पॅरिसमध्ये एका सरदाराच्या लग्नानिमित्त लूव्र राजवाड्यालगतच्या दालनात ‘बॅले कोमिक द ला रेन’ झाला. पाच तासांहून अधिक चाललेल्या त्या प्रयोगापासून दरबारी बॅलेची सुरुवात मानली जाते. १६०० साली फ्लॉरेन्सच्या पिट्टी राजवाड्यात, मारिया दे मेदिची आणि फ्रान्सचा राजा चौथा हेन्री यांच्या विवाहसोहळ्यात ‘युरिदिचे’ सादर झालं. संपूर्ण स्वरूपात आज हाती असलेला तो सर्वांत जुना ऑपेरा. आणि आपल्याकडे? इथे लग्न नाटकाचा विषयच झालं. तंजावरच्या शहाजी राजांचं १६९० च्या सुमाराचं ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक देवाच्या लग्नाचं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीच्या दरबारासाठी केलेलं ‘सीता स्वयंवर’ही लग्नाचंच. वाशीचं नाट्यगृह त्याच भाव्यांच्या नावाने उभं आहे.

लग्नांतून नवी कला पुढे येते, यामागचं कारण मला साधं वाटतं. नव्या कलेला पैसा, जागा, जाणकार प्रेक्षक आणि ठरलेली तारीख या चार गोष्टी एकाच वेळी लागतात. मोठ्या घरातलं लग्न या चारही गोष्टी एका छताखाली आणतं. मुहूर्त पुढे ढकलता येत नाही, म्हणून कलावंताचं काम वेळेवर पुरं होतं. दूरदूरचे पाहुणे आलेले असतात, म्हणून पाहिलेली गोष्ट चार मुलखांत पोचते.

या कथेतला सल मात्र लपवता कामा नये. माणसं आंदणात दिली गेली होती. गौरा आणि कांतीमतीला कुणी विचारलं असेल, असं वाटत नाही. नवरा-नवरी दोघंही कोवळ्या वयाची होती, आणि १८८५ साली, लग्नानंतर अवघ्या पाच वर्षांत, चिमणाबाई क्षयाने गेल्या. पुढे सयाजीरावांनी बालविवाहाला आळा घालणारा कायदा १९०४ साली राज्यात आणला आणि १९०६ पासून राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. बडोद्यातला चिमणाबाई टॉवर आणि न्यायमंदिराची इमारत या पहिल्या राणीच्याच स्मृतीसाठी आहेत. १८९० साली पुरा झालेल्या लक्ष्मी विलास राजवाड्याचं नावही तिच्या माहेरच्या नावाशी जोडलं जातं. मेजर चार्ल्स मँटने त्याचा आराखडा केला. तो १८८१ साली वारल्यावर रॉबर्ट चिझमने काम तडीस नेलं. तिथल्या हिरवळीवर आज भाड्याने लग्नसोहळे होतात.

स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झालं, कलावंत कारखाना इतिहासजमा झाला. नृत्य उरलं. कांतीमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात भरतनाट्यम शिकवू लागले, आणि आंदण म्हणून आलेली कला कोणत्याही घरातल्या मुलीला फी भरून, परीक्षा देऊन शिकता येऊ लागली. आईच्या पिढीला ज्या कलेने दरबाराशी बांधलं, तीच मुलाच्या हातून सगळ्यांसाठी खुली झाली.

आज पुष्कळ कुटुंबं जुन्या वाड्यात, किल्ल्यात, राजवाड्यात लग्न करायची हौस बाळगतात. जरूर करावं. जुन्या वास्तूंना त्यातून चार पैसे मिळतात आणि त्या तगतात. फक्त त्या घरांनी एकेकाळी लग्नात काय केलं होतं, ते आठवावं. राजवाड्याची कमान फोटोपुरती भाड्याने मिळते, पण कलावंताला आश्रय द्यायची राजवाड्याची रीत आपल्या साध्या हॉलमधल्या लग्नातही पाळता येते. सजावटीचा एक तुकडा कमी करा आणि त्या पैशात एखाद्या सनईवाल्याला, गायिकेला, शेजारच्या वर्गातल्या नृत्यशिक्षिकेला मानाने बोलवा. नीट वेळ द्या, मानधन ठरवून द्या, आणि पाहुण्यांना बसून ऐकायला, पाहायला सांगा.

१८८० च्या त्या मेजवानीत कोणती पक्वान्नं होती, हे आज कुणाला आठवायचं कारण नाही. त्या लग्नाने आणलेलं नृत्य मात्र बडोद्याच्या विद्यापीठात अजून शिकवलं जातं.