भूकंपानंतरच्या गावांची रचना

दिनांक ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीनंतरच्या पहाटे, झालेल्या किल्लारी भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. सास्तूर, होळी, पेठसांगवी ही गावे ढासळली. पुढे दोन्ही जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी आखून वसविण्यात आली. या आखणीमागील कारणे शिक्षकांनी विद्यार्थ्यांस समजावून द्यावीत.

जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या व दोन-अडीच फूट जाड असत. आतला व बाहेरचा थर निरनिराळा रचून मध्ये चिपा व माती भरीत. दोन्ही थरांस बांधून ठेवणारे आरपार दगड क्वचितच असत. वर मातीचे जड माळवद असे. ते उन्हाळ्यात गारवा देई; परंतु धक्क्याने भिंती फुटताच हा सारा भार निजलेल्या माणसांवर आला. अरुंद बोळ ढिगाऱ्यांनी भरून गेले व मदतीची वाट अडली.

म्हणूनच नव्या गावांत रस्ते सरळ व रुंद ठेवले आणि घरे एकमेकांपासून सुटी बांधली. घराचे क्षेत्र शेतजमिनीवरून ठरले: भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबास २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४०० व त्याहून अधिक जमीन असल्यास ७५०.

या रचनेने जीविताची शाश्वती वाढली, तसे काही गमावलेही. जुन्या बोळांत सावली असे. रुंद रस्ते उन्हात तापतात. एका आकाराची घरे अनेक ठिकाणी एका रांगेत आल्याने भावकी व शेजार विखुरला. गुरे, कडबा व शेतीची अवजारे यांस लहान घरांत जागा पुरेना. गाव आखताना फुटपट्टीइतकीच गावकऱ्यांची राहणीही ध्यानात घ्यावी लागते, हे यावरून दिसते.

भूगोलाच्या तासास विद्यार्थ्यांकडून आपल्या गावाचा नकाशा काढवून घ्यावा. त्यात वेस, पार, आड, देऊळ व शाळा दाखवावीत आणि बोळांची रुंदी पावलांनी मोजावी. जिल्ह्यात माळवदी घरे आजही आहेत. तेव्हा प्रत्येक मुलाने घरी जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात: भिंतीत आरपार दगड आहेत काय, माळवदावर दरसाल किती माती चढते, आणि रात्री दाराबाहेर पडल्यास मोकळी जागा किती पावलांवर आहे.