४९७ दिवसांनंतर पुन्हा शून्य

सर्व्हर शेवटचा सुरू केल्यापासून किती वेळ चालू आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे अपटाइम. सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींना त्याचं भारी कौतुक. आणि हा आकडा यंत्रानेच मोजलेला, तेव्हा तो चुकणार नाही, असंही सगळे धरून चालतात.

पण संगणक दिवस मोजत नाही, टिक मोजतो. लिनक्सच्या २.४ पर्यंतच्या आवृत्त्यांत साध्या पीसीवर सेकंदाला १०० टिक होत आणि ते मोजणारा काउंटर ३२ बिटांचा होता. ३२ बिटांत जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ एवढी संख्या मावते. तिला आधी १०० ने आणि मग दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागलं की ४९७ दिवस आणि वर थोडे तास येतात. जुन्या स्कूटरचे किलोमीटर ९९,९९९ नंतर शून्यावर यावेत, तसा हा काउंटर तिथून पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. सव्वा वर्षाहून अधिक काळ अखंड चाललेला सर्व्हर ‘मी आजच सुरू झालो’ म्हणून सांगे.

२.६ आवृत्तीपासून हिशेब ६४ बिटांत गेला. सेकंदाला १,००० टिक धरले तरी तो भरायला सुमारे ५८ कोटी वर्षं लागतील. तरीही आत जुना छोटा काउंटर आहेच. त्यासाठी लिनक्सच्या कर्त्यांनी एक छान खोडी करून ठेवली आहे. तो शून्यापासून सुरूच होत नाही. यंत्र चालू झाल्यावर पाच मिनिटांतच उलटेल अशा आकड्यापासून सुरू होतो. ज्या ड्रायव्हरला हे उलटणं झेपत नाही, त्याचं पितळ कित्येक दिवसांनी नव्हे, पाच मिनिटांत उघडं पडावं, म्हणून.

म्हणजे ४९७ चा प्रश्न इतिहासजमा झाला? नाही. राउटर आणि स्विचवर लक्ष ठेवणाऱ्या एसएनएमपी पद्धतीत ‘सिसअपटाइम’ आजही सेकंदाच्या शंभराव्या भागात आणि ३२ बिटांतच मोजला जातो. ४९७ दिवसांनी तो शून्यावर आला की देखरेखीची यंत्रणा ‘राउटर रीबूट झाला’ अशी बोंब ठोकते आणि रात्रपाळीचा माणूस उगीच धावतो. शिवाय हा आकडा मुळात उपकरणाचा नाहीच. त्यातला एसएनएमपीचा भाग कधी सुरू झाला, एवढंच तो सांगतो.

‘आकडा चुकला तर चुकला, काम तर चालू आहे ना!’ हा गैरसमज मात्र महागात पडतो. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये मिलिसेकंदांचा काउंटर ४९.७ दिवसांनी भरे आणि संगणक गोठू शकत असे. १४ सप्टेंबर २००४ रोजी कॅलिफोर्नियातल्या पामडेल इथल्या हवाई नियंत्रण केंद्राचा शेकडो विमानांशी रेडिओ संपर्क तुटला. कारण तोच ४९.७ दिवसांचा काउंटर. ती यंत्रणा दर ३० दिवसांनी रीस्टार्ट करायची होती, ते राहून गेलं. राखीव यंत्रणाही चालली नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ बाबत आदेश काढला: सलग २४८ दिवस वीज चालू राहिली, तर जनरेटरच्या नियंत्रकांतला काउंटर भरून विमानाची एसी वीज पूर्ण जाऊ शकते. २४८ म्हणजे ४९७ चे निम्मे. एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी गेला की एवढंच उरतं.

शट डाउन केलं की लॅपटॉप पुढच्या वेळी नव्याने सुरू होतो, हा घरचा गैरसमज त्यामानाने निरुपद्रवी. रोज शट डाउन करूनही विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये अपटाइम कित्येक दिवसांचा दिसतो. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शट डाउन करताना कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. खरी नवी सुरुवात हवी असेल, तर रीस्टार्ट करा.

काही जण आजच्या तारखेतून सुरू झाल्याची तारीख वजा करून अपटाइम काढतात. हेही टाळावं. संगणकाच्या घड्याळाची ही वेळ इंटरनेटवरून दुरुस्त होताना पुढे-मागे उडी मारू शकते. रास्पबेरी पाय ४ वर तर स्वतःचं बॅटरीवालं घड्याळच नसतं, त्यामुळे नेटवर्क मिळेपर्यंत त्याची तारीख जुनीच राहू शकते. कधीही मागे न जाणारं वेगळं घड्याळ लिनक्समध्ये असतं, ते वापरावं.

राहिला तो मिरवण्याचा मुद्दा. तीन वर्षांचा अपटाइम म्हणजे बहुधा तीन वर्षं जुना कर्नल. लाइव्ह पॅचिंग, म्हणजे चालू यंत्रातच कर्नल दुरुस्त करण्याची सोय, नसेल, तर कर्नलच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या रीबूटशिवाय लागू होत नाहीत. आणि यंत्र चालू असलं तरी त्यावरची सेवा बंद असू शकते, हे अपटाइमला कळत नाही. ९९.९ टक्के उपलब्धतेतही वर्षाला पावणेनऊ तास बंद बसतात. ग्राहकाला कबूल केलेला आकडा मोजायचा असेल, तर बाहेरून, ग्राहकाच्या बाजूने मोजा. रीबूटची तारीखही आधी ठरवा. ती काउंटरवर सोडू नका.