सहलीच्या फोटोत माणसं दिसू द्या

सुट्टी लागली की गावातून एक तरी जीप कोकणात नाहीतर देवाला जाते. परत आलं की गटाच्या बैठकीत मोबाईल फिरतो. शंभर-दीडशे फोटो असतात, पण कोण कुठलं ते विचारावं लागतं. म्हणून आज हप्ते, व्याज बाजूला ठेवू आणि फोटोंविषयी बोलू.

माझ्याच फजितीपासून सुरुवात करते. दोन वर्षांमागे आम्ही गणपतीपुळ्याला गेलो होतो. सासूबाईंनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. संध्याकाळी त्यांना पाण्याकडे पाठ करून उभं केलं, मागे मावळतीचा सूर्य, आणि मी फोटो काढत सुटले. मुक्कामावर येऊन बघतो तर सूर्य झकास आणि सासूबाई म्हणजे नुसती काळी सावली. त्या म्हणाल्या, "अगं, यात मी कोणती?" आम्ही सगळे हसलो. मागच्या पावसाळ्यात त्या गेल्या. हार घालायला फोटो हवा होता, तेव्हा एका लग्नातल्या घोळक्यातून त्यांचा चेहरा कापून मोठा करून घेतला. भिंतीवर आहे तो, पण धूसरच.

चूक उजेडाची होती. कोकणात समुद्र पश्चिमेला, म्हणजे संध्याकाळी सूर्य समुद्राच्या अंगाला. माणसाच्या मागून एवढा उजेड आला की मोबाईल आकाश सांभाळतो आणि पुढचा चेहरा अंधारात टाकतो. त्याच जागी सकाळी ८ वाजता उभं केलं असतं, तर ऊन समोरून तोंडावर पडलं असतं आणि मागे समुद्रही आला असता. संध्याकाळीच गेलात तर उलटं करा. माणसांची तोंडं समुद्राकडे आणि तुमची पाठ पाण्याकडे. मात्र उभं राहायचं कोरड्या वाळूवर, लाट मागून येते ती दिसत नाही. गणपतीपुळ्याचा देव पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे मंदिरासमोरचा फोटो दुपार कलल्यावर चांगला येतो. पूर्वेकडे तोंड असलेल्या देवळापुढे सकाळी काढा.

मावळता सूर्य मागे हवाच असेल तर माणसांच्या जवळ जा आणि फ्लॅश चालू करा. दुसरं म्हणजे, फोटो काढण्याआधी पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा. बऱ्याच मोबाईलमध्ये तिथे छोटा सूर्य दिसतो, तो वर सरकवला की चेहरा उजळतो. आत्ता हातात मोबाईल असेल तर घरातल्याच कुणावर करून बघा.

भर दुपारी ऊन डोक्यावर असतं, डोळ्यांखाली सावल्या पडतात, सगळे डोळे बारीक करतात. तेव्हा सावलीत या. फक्त तोंडावर कवडसे पडणार नाहीत एवढं बघा.

मोबाईलची मागची काच पुसली का? आपला हात तेलाचा, पिठाचा असतो, त्याचा डाग काचेवर बसतो आणि फोटोत धुकं आल्यासारखं दिसतं. मऊ सुती पदर चालेल. वाळू असेल तर आधी फुंकर मारा, नाहीतर ओरखडे पडतात.

आपली एक खोडच आहे, देऊळ पूर्ण यावं म्हणून माणसांना पार पायरीवर पाठवायचं. मग कळस येतो आणि माणसं मुंगीएवढी. माणसांना आपल्यापासून पाच-सहा पावलांवर बोलवा. देऊळ मागे आपोआप येतं. दोन बोटांनी चित्र मोठं करून फोटो काढू नका, तो फुटतो, त्यापेक्षा पुढे चालत जा. लहान मुलांचा फोटो उकिडवं बसून काढा.

आता आपलं स्वतःचं. मोबाईल जिच्या हातात, ती फोटोत नसते. कॅमेऱ्यात टायमर असतो. तो १० सेकंदांवर लावा, मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवा आणि पळत जाऊन मधे उभ्या राहा, कडेला नाही. मोबाईल घरधन्यांचा असला तरी एवढं हक्कानं सांगा.

फोटो घरी आल्यावर स्टेटसला टाका, वाटेत टाकलेत तर घराला कुलूप आहे हे सगळ्या गावाला कळतं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो बारीक होऊन जातो, तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. स्टुडिओत छापायला द्यायचा असेल तेव्हा असाच पाठवा. सगळे नकोत, निवडून दहा छापा. मागच्या बाजूला नाव, गाव, तारीख लिहा आणि शाई पूर्ण वाळल्यावरच एकावर एक ठेवा, नाहीतर ती पुढच्या फोटोच्या तोंडाला लागते.